घोडा स्वस्त, वाट महाग

दोस्तहो, सकाळपासून जिवाला चैन नाही.

परदेशातल्या एका ऑनलाइन लिलावात काल मी बोली लावून पितळेचा घोडा घेतला. तो माझ्या बाबांनीच पंचवीस वर्षांमागे नार्नूरच्या आमच्या अंगणात ओतलेला. घोड्याची शेपूट डावीकडं वळवायची त्यांची सवय, फोटोत लगेच ओळखली.

आज मेल आला. आदिलाबादपर्यंत पाठवायचा खर्च घोड्याच्या किमतीच्या चौपट! पेटी, विमा, कस्टम वेगळं. सात दिवसांत कळवा, नाहीतर ठेवल्याचं भाडं सुरू. मी मूर्खासारखी फक्त बोलीचा आकडा पाहिला होता.

बाबांना म्हटलं, "तसाच दुसरा करून द्या ना."

"तसा कसा होईन? मातीचा साचा फोडल्याबिगर घोडा बाहेर येते का?"

"मंग हाच आणू?"

बाबा फोटो मोठा करून बराच वेळ पाहत राह्यले. "राहू दे पोरी तिकडंच. इथं असता त पितळ कमी पडलं म्हणून मीच कधीचा वितळवला असता."

तेव्हापासून दहादा उत्तर लिहिलं, दहादा खोडलं. पैशाचं करीन कसंतरी. पण तुमीच सांगा, एवढा खर्च करून घोडा घरी आणला, आन् उद्या बाबांना पितळ कमी पडलं तर?