बोर्डावर समर नव्हता

समरच्या बाबांचा फोन आला तेव्हा मी मोर्चाच्या पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. "आमची पोरगी गेली गं… डेंग्यूनं." काका हुपरीत घरीच पैंजण घडवतात, आवाज कायम मोठा. त्या दिवशी तो नीट ऐकूही येत नव्हता. पुढचं मात्र स्पष्ट ऐकू आलं. "चौकात लावायला बोर्ड छापून घे. नाव शाळेतलं टाक. पावणं येणार हायत." मी "व्हय काका" म्हणाले आणि छापून घेतला. समरचा ओढणीतला नववीचा फोटो, शाळेतलं मुलीचं नाव, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

कोल्हापुरातल्या मुलींच्या एका कॅथलिक शाळेत समर आणि मी एका बाकावर बसायचो. आमच्याकडं पोरीही सर्रास 'येतो, जातो' बोलतात, त्यामुळं त्याचं बोलणं कुणाला खटकलं नाही. खटकलं ते नववीत, त्यानं मुख्याध्यापिका सिस्टरना सांगितलं तेव्हा… मी मुलगा आहे, मला समर म्हणा. सिस्टरनी आरडाओरडा केला नाही, हे मान्य करायला हवं. खेळाच्या तासाची पॅन्ट रोज घालू दिली, शिक्षकांचं बाथरूम वापरू दिलं. नाव मात्र नाही. "देवानं तुला घडवताना चूक केली, असं मी कसं म्हणू? प्रार्थना कर, जाईल हे."

"काय जाईल, सिस्टर? मीच?"

मग त्यानं हजेरीला ओ देणंच सोडलं. पहिल्या बाकावर बसून वर्षभर गैरहजर! मी कोपरानं ढोसायचे, "ओ दे की लेका, परीक्षेला बसू देणार न्हाईत." "ती कोण हाय तिनं द्यावी. मी वळखत न्हाय," म्हणून स्वतःच खिदळायचा.

पुढं मी यावर पत्रक काढलं आणि शाळेच्या फाटकावर वाटलं. 'हजर मुलाला गैरहजर ठरवणारी शाळा.' समर म्हणाला, "सिस्टरना बी दे की एक." त्यांनी घेतलं, घडी घालून पिशवीत ठेवलं.

शोकसभेला त्याच सिस्टर हुपरीला आल्या. निवृत्त झालेल्या, गुडघे गेलेले. बोर्डापुढं बराच वेळ उभ्या होत्या. "कुणी छापला?"

"मी."

"…तू?" ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नातेवाइकांचा मान, आईबापाचं दुःख, ही वेळ नव्हे… असली कारणं सांगणाऱ्या साहेबांना मी त्यांच्या केबिनमध्ये घुसून फाडून खाल्लंय. इथं तर मला 'पावणं येणार हायत' एवढंच पुरलं. एका फोनवर मी समरला पुसून टाकलं, तेही चांगल्या जाड फ्लेक्सवर, रंगीत.

परवा बोर्ड उतरवायला गेले. आधी काकांना विचारावं म्हणून घरात शिरले. ते कामाला बसले होते. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या.

मी विचारलं, "शर्ट नवा का, काका?"

"समरचा हाय. खुंटीला तसाच हुता… बसला मापात." मान खालीच. "घरात आम्ही समरच म्हणायचो की गं. त्या दिवशी पावण्यांचं भ्या वाटलं, म्हणून बोललो तसं." हातातलं पैंजण त्यांनी खाली ठेवलं. "तू समद्या दुनियेशी भांडतीस. म्हटलं, त्या दिवशी तरी माझ्याशीबी भांडशील…"