मातीत बसवलेल्या विटा

खर्चात बसेना म्हणून मागच्या भिंतीतली खिडकी मी नकाशातून खोडली, आणि हरित घरांच्या तपासणी फॉर्मवर ‘हवा खेळती’ या रकान्यात तरीही बरोबरची खूण केली. इंझोरी गावाजवळच्या सरकारी ई-क्लास (गायरान) जमिनीवरची ती घरकुलं इंजिनिअर म्हणून माझ्याच सहीने पास होणार होती.

एप्रिलच्या एका दुपारी तिथला म्हातारा मिस्त्री मला एका बिनप्लास्टरच्या खोलीत घेऊन गेला. त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. त्याने बिडी पेटवली आणि न ओढता नुसती हातात धरली. धूर आमच्या डोक्यावर तसाच थांबला.

“कागदावर तं मस्त वारा सुटून राह्यला, साहेब. इथं बिडीचा धूरही हालून नाई राह्यला. लेकरंबाळं कशी राह्यतीन?”

मग थापीच्या टोकाने त्याने मागच्या भिंतीतल्या विटा एकेक सोडवल्या. लिंटेलच्या आडव्या पट्टीखाली खिडकीएवढ्या जागेत त्याने सिमेंट वापरलंच नव्हतं; विटा मातीत बसवल्या होत्या. उजेड आत आला. धूर हलला.

“सगळ्याच घरांत?” मी विचारलं.

“मंग! एक ना एक दिवस तुमाले गरम होईनच, म्हनलं.”

मला उपरती होईल, एवढ्या भरवशावर या माणसाने प्रत्येक भिंतीत जागा राखली होती. मी फॉर्मवरची खूण खोडली आणि बाहेर येऊन सगळ्या मजुरांसमोर त्याला म्हणालो, “मामा, खिडकी मीच खोडली होती. माफ करा.”