गुरुजींच्या अक्षरातला कागद
परवा एका मुंजीच्या आमंत्रणावर गुरुजींचं वळणदार अक्षर दिसलं. रामघाटावर त्यांनी मला फुकट शिकवलं, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. कृतज्ञतेपोटी मी त्यांच्या हस्ताक्षराचा संगणकासाठी फॉन्ट केला आणि त्यांच्या दोन्ही मुलांना दिला. गुरुजी गेले. तेराव्याला पानं वाढलेली असताना धाकट्याने कागद काढला: बाबांच्या हातचं मृत्युपत्र, घर त्याच्या एकट्याच्या नावे. थोरल्याने माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. "तूच छापून दिलंस ना रे?" "नाही दादा," म्हणत मी कागद उजेडात धरला. "पण हा फॉन्टच आहे. बघा, प्रत्येक 'क' हुबेहूब सारखा. गुरुजींचे दोन 'क' कधी सारखे यायचे नाहीत." "बाबांचं मीठ खाऊन नमकहरामी!" धाकट्याने पितळी तांब्या माझ्या तोंडावर हाणला. वरणभातावर रक्त सांडलं. थोरला त्याच्यावर तुटून पडला, दोघं पत्रावळींवर लोळू लागले. गुरुजींच्या पत्नींनी तो कागद उचलला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हळूच मला म्हणाल्या, "ह्यांनी मला कधी पत्र लिहिलं नाही रे. एक करून देशील?" मी अजून दिलेलं नाही.