माझ्या फॉर्ममध्ये नसलेला पर्याय

मंडळी, आज एका भाजीवाल्या मावशींनी माझ्या पीएचडीची परीक्षा घेतली.

गावात बातम्या कशा पोहोचतात, यावर माझं पत्रकारितेतलं संशोधन चाललंय. सकाळी फॉर्म घेऊन वाणगावच्या बाजारात गेले, तर नेहमीच्या जागी बाजारच नाही! रस्ता खोदलेला. एक रिक्षावाले दादा म्हणाले, "शाळेमागच्या मैदानात भरलाय."

तिथे वालाच्या शेंगा विकणाऱ्या मावशींना विचारलं, "बातम्या कुठून कळतात? पेपर, टीव्ही, रेडिओ की मोबाइल?"

"इथंच, बाजारात."

"तो पर्याय नाहीये, मावशी. 'इतर'वर खूण करते."

दुपारपर्यंत जवळजवळ सगळ्या खुणा 'इतर'वरच! सरांनी मंजूर केलेला फॉर्म, एवढी मेहनत... वैतागून मावशींजवळ बसले आणि गाऱ्हाणं सांगितलं.

शेंगा निवडत त्या म्हणाल्या, "आज बाजार इकडे भरलाय, ते तुला पेपरात वाचून कळलं काय गं?"

मला हसूच आलं. एक कोरा फॉर्म काढला, वर माझं नाव लिहिलं आणि 'इतर'वर खूण केली.

आता नवा फॉर्म करतेय. पहिला पर्याय, बाजार.

तुम्हाला आजची सगळ्यात कामाची बातमी कुणी सांगितली? फेसबुकने, असं सांगू नका हं!