बाई चालवत असलेला फ्रीज

फ्रीजचं झाकण उघडलं तेव्हा थर्मामीटर शून्याच्या खाली चार दाखवत होता. लसींच्या बाटल्यांचा बर्फ झाला होता. बाहेर आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात दहा-अकरा बायका तान्ही मुलं घेऊन बसल्या होत्या. बऱ्याच जणी पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून पायी उतरून आलेल्या.

मी आरोग्य खात्यात फ्रीज मेकॅनिक होतो. महाड-पोलादपूरकडचे लसींचे फ्रीज माझ्याकडे. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते. उन्हाने ती खराब होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. काही लसी गोठल्या तरी कायमच्या वाया जातात, हे मात्र डॉक्टरांनाही सांगावं लागतं.

सुरुवात माझ्याच हातून झाली होती. आदल्या वर्षी या फ्रीजचा थर्मोस्टॅट गेला. गारवा पुरेसा झाला की मशीन थांबवणारा तो भाग. नवा शिल्लक नव्हता, म्हणून मी दोन वायरी थेट जोडल्या. फ्रीज आता आपणहून थांबणार नव्हता. केंद्रातल्या मदतनीस पार्वतीबाई आवारातच राहायच्या. काटा तीनवर आला की बटण बंद, सातवर गेला की चालू, असं त्यांना दाखवलं. फक्त आठवडाभर, पार्ट येईपर्यंत.

"करते की. त्यात काय हाय," त्या म्हणाल्या.

आठवड्याचं वर्ष झालं. माझे तीन अर्ज कुठल्यातरी फायलीत गेले. शेवटी स्टोअरच्या साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"फ्रीज चालतोय ना?" त्यांनी विचारलं.

"फ्रीज नाही चालत साहेब, बाई चालवताहेत."

"म्हणजे चालतोय. बंद पडलेले आधी बघू."

पुढे त्याच केंद्राला उत्तम देखभालीचं प्रशस्तिपत्र मिळालं. पार्वतीबाईंचं नाव त्यात नव्हतं.

मग बाई मुलीच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेल्या. जाताना त्यांनी केंद्राच्या डॉक्टरांना बटणाचं सांगितलं होतं. डॉक्टरांनी रजेच्या अर्जावर सही केली आणि बटण विसरले. तीन दिवस मशीन अखंड चाललं.

आता तेच डॉक्टर म्हणत होते, तासभर वितळू द्या, माणसं लांबून आलीत. जाधव सिस्टरांनी एक बाटली मुठीत धरून वितळवली, हलवली आणि टेबलावर ठेवली. पांढरे कण भराभर तळाशी बसले. गोठून वाया गेलेल्या लसीची हीच खूण.

"सर, ही टोचली तर मुलाला नुसती सुई लागेल," त्या म्हणाल्या. "आणि आई समजेल की लस झाली."

सिस्टर बाहेर गेल्या आणि बायकांना खरं काय ते सांगितलं. नातवाला घेऊन आलेल्या एका आजीने विचारलं, "म्हंजे परत यायाचं? घरी गुरांकडं बघायला कोन नाय."

मी जोडलेल्या वायरी काढून टाकल्या. फ्रीज रीतसर बंद पडला, तसं लिहून पाठवलं. चार दिवसांत नवा थर्मोस्टॅट आला. वर साहेबांनी विचारलं, आधी का नाही कळवलं? सिस्टर दुसऱ्या केंद्रातून लस घेऊन स्वतः वाड्या चढल्या.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही वायर थेट जोडली नाही. बिघडलेली वस्तू बिघडलेलीच दिसू द्यावी. ती चालती दिसली, की दुरुस्तीची गरज फक्त ती चालवणाऱ्यालाच उरते, आणि त्याला कोणी विचारत नाही.