पाय लांब करण्यापुरती जागा

माणिकबाई माझी चुलत सासू. मी तिले मोठी आत्याबाई म्हणत होती. साऱ्या घराले जेवू घालता घालता तिचा जलम गेला, अन् तिच्याबद्दल कोणी दोन शब्द बोलत नाई. म्हणून मीच सांगून राहिली.

अकोल्याहून बाळापूरले जाताना आमचं गाव लागते. मी लग्न होऊन आली तवा कापसानं सारा मुलूख पागल केला होता. समुद्रापलीकडे गोरे आपसात लढून राहिले, तिथला कापूस इंग्रजाले भेटेना, म्हणून आमच्या कापसाले सोन्याचा भाव. माझे सासरे शेषराव, आमचे मामाजी, भाव अजून चढते म्हणून कापूस विकतच नव्हते. पयले माजघर भरलं, मंग ओसरी भरली. मोठी आत्याबाई विधवा, एकटी माजघरात झोपायची. कापसानं तिले माजघरातून ओसरीवर काढलं अन् ओसरीवरून सैपाकघरात. मामाजीच्या मोठ्या भावाची बायको हो ती, पण तिची गाठोडी उचलताना कोणाले काई वाटलं नाई.

दिवसभर ती चुलीपुढं उकिडवी बसलेली. वेचणाऱ्या बाया, गाडीवान, भाव करायले आलेले दलाल, साऱ्याइच्या भाकरी तिच्याच हातच्या. मी मदत करायची, पण मी नवी पोरगी, हात पोळला की रडत बसायची. तिचे गुडघे सुजून मडक्यासारखे झाले होते. सारं आवरलं की पाण्याच्या रांजणाजवळ घोंगडी टाकायची अन् पाय सरळ लांब करायचे, एवढंच तिचं सुख. त्याच्यासाठीच ती दिवस ढकलत होती, हे मले तिनं सांगितलं होतं. खोटं काहून बोलंल?

दसरा झाला अन् मामाजीची नजर सैपाकघरावर गेली. आमचं सैपाकघर लांबट, एक टोक रस्त्याकडे. मधात भिंत घालायची, रस्त्याकडच्या भागाले दार पाडून तिथी कापूस भरायचा, अन् मागचा भाग चुलीले ठेवायचा, असं ठरलं. बाळापूरचा दाऊद मिस्तरी मोजायले आला. पण चूल मांडलेली आहे तोवर परक्या माणसानं सैपाकघरात पाय ठेवायचा नाई, ही आमच्या घरची रीत. चूल आंगणात हलली की मंग कोणीही या. म्हणून दाऊदनं दारातूनच सुतळीचा गुंडा आत टाकला. या भिंतीपासून त्या भिंतीलोक ताणा अन् गठान मारून मले द्या, म्हणाला.

मी रस्त्याकडच्या भिंतीले टोक धरून उभी राहिली. मोठी आत्याबाई सुतळी घेऊन मागं गेली. पण मागच्या भिंतीलोक गेलीच नाई. रांजणापाशी थांबली, जमिनीकडे पाहिलं, अन् गुडघ्यापासून तळव्यापर्यंत जेवढा पाय, तेवढी जागा सोडून अलीकडेच गठान मारली. मी बोलायले तोंड उघडलं, तर तिनं नजरेनंच मले थांबवलं.

“कापसाचं माप रस्त्याकडून धरतीन,” ती हळूच म्हणाली. “मागं काय उरलं ते कोण पाह्यते?”

दाऊदनं त्या सुतळीवरून आंगणात चुन्यानं सैपाकघर आखलं, जेवढ्यास तेवढं. इथी चूल, इथी रांजण, इथी नवी भिंत. मामाजी त्यात जाऊन उभे राहिले. कापसाचा भाग पाहिला, चुलीचा पाहिला, अन् पायातल्या जोड्यानं नव्या भिंतीची रेघ पुसून टाकली. भिंत अजून मागं घे, म्हणाले, चुलीले एवढं कायले लागते? दाऊदनं मागं सरकून नवी रेघ मारली. मले वाटलं, तिनं लपवलेलंही आता गेलं.

विधवा झाल्यापासून मोठी आत्याबाई मामाजीसमोर बोलत नव्हती. त्या दिवशी ती पदर सावरत आंगणात आली, रांजणाच्या खुणेपाशी गेली, अन् मागच्या भिंतीच्या रेघेले डोकं लावून सरळ त्या चुन्यात आडवी झाली. गाडीवान पाहून राहिले. दाऊदनं मान फिरवली. तिचे पाय गुडघ्यापासून नव्या रेघेच्या बाहीर गेले होते.

“भाऊजी,” ती म्हणाली, “माहे पाय बाहीर जातात.”

मामाजीनं तिच्या पायाकडे पाहिलं, मंग रेघेकडे पाहिलं.

“मंग पाय आखडून झोपत जाय, वयनी,” ते म्हणाले अन् गाडी जुंपायले सांगून निघून गेले. रागानं नाई बोलले, सहज बोलले. त्याचाच मले जास्त राग आला, अन् अजून येते.

ती उठली, लुगड्याचा चुना झटकला अन् भाकरीले बसली.

चूल आंगणात हलवल्यावर दाऊद मोजायचा गज घेऊन आत शिरला. खोली मोजली, परत मोजली, तर सुतळीपेक्षा लांब भरली. मंग बाहीर येऊन तिले इचारलं, “बाई, सुतळीची गठान चुकली का?”

“नाई चुकली,” ती म्हणाली. हात पिठातून काढला नाई.

आंगणात झालेलं त्यानंही पाहिलं होतं. रस्त्याकडून रेघ जिथी येत होती तिथीच त्यानं भिंत उचलली, वाढीव जागा मागं चुलीकडे सोडली, अन् मामाजीजवळ एक शब्द काढला नाई.

भिंत वाळली. चूल पुन्हा आत आली. त्या दुपारी जेवणं आटोपल्यावर तिनं घोंगडी टाकली, डोकं मागच्या भिंतीले लावलं अन् हळूहळू पाय लांब केले. गुडघे सरळ झाले अन् तळवे नव्या भिंतीले टेकले. भिंतीपलीकडे मजूर अजून कापूस मावावा म्हणून तो पायानं तुडवून राहिले होते. पुरलं का, म्हणून मी इचारलं.

“पुरलं,” ती डोळे मिटून म्हणाली. “आता मरतवरी कोणाले काई मांगायचं काम नाई.”