शांताबाईचा डावा अंगठा

दोन हजार तेवीस साल. मला अडुसष्ट पूर्ण झालेली.

सकाळचे साडेआठ. डोंबिवलीला शीळ रोडच्या बाजूचा एक टॉवर, त्याची लॉबी. फरशी इतकी गुळगुळीत की आपल्याच चपलेची लाज वाटावी. भिंतीवर नवीन मशीन बसवलेलं. काळं, तळहाताएवढं. हजेरीचं. त्याच्यासमोर आम्ही रांगेत. झाडूवाल्या बाया, वॉचमन, माळी, आणि शेवटी मी. मी पंपावर. खालच्या टाकीतलं पाणी वर चढवायचं आणि पहाटे पाचला चारही विंगचे व्हॉल्व सोडायचे, हे माझं काम.

माझा नंबर आला. अंगठा ठेवला.

मशीनमधली बाई बोलली, "प्लीज ट्राय अगेन."

परत ठेवला. परत तेच. पुसून ठेवला, तिरका ठेवला, जोर लावून ठेवला.

"काका, नारळ फोडायचाय का? हळू." मॅनेजर म्हणाला. तिशीचा पोरगा. सोसायटीने कॉन्ट्रॅक्ट दिलेल्या कंपनीचा माणूस. त्याच्या बाजूला सोसायटीचे सेक्रेटरी मोबाइल धरून उभे. नवीन मशीनचा व्हिडिओ काढत होते.

मॅनेजरने माझं मनगट धरलं. "तेल लागतं त्याला," म्हणाला, आणि माझाच अंगठा माझ्याच डोक्यावर घासला. टाळूवर. तवा घासतात तसा. सगळ्यांच्या समोर. मग मशीनवर दाबला.

"प्लीज ट्राय अगेन."

तेव्हा तो बोलला. शब्द न् शब्द सांगतो.

"च्यायला, अंगठेबहाद्दर, आणि अंगठाच नाही!"

लॉबी हसली. सेक्रेटरी हसले, त्यांच्या हातातला मोबाइल हलला. वॉचमन हसले. आणि मीपण हसलो. त्याचं बोलणं लिहिताना हात थांबला नाही. हे लिहिताना थांबला.

अंगठा म्हणजे माझ्यासाठी काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी दुसरीपर्यंत शिकलो, तेही विसरलो. विसाव्या वर्षी गावाकडून आलेलो, ठाण्याला वागळे इस्टेटच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. पगाराच्या दिवशी कारकून खिडकी उघडून ओरडायचा, "सह्या इकडे, अंगठे तिकडे!" माणसं नाही. अंगठे. सह्यांची खिडकी पंख्याखाली. अंगठ्यांची रांग बाहेर, संडासाच्या बोळात. जांभळी शाई लागलेला अंगठा पुसायला कापड कुणी ठेवत नसे, म्हणून आम्ही भिंतीला पुसायचो. त्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला जांभळे डागच डाग. एकदा कारकुनाने माझा शाईचा अंगठा हातात धरून कागदावर असा फिरवला की जणू तो माझा नाहीच, टेबलावरचा शिक्का आहे.

आमच्यात एक मालवणचा टर्नर होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने पत्र्याचा तुकडा समोर टाकला, हातात खडू दिला. "मेल्या, जॉबवर लाइन मारतंस मा? तशीच मार." जॉब म्हणजे घडवायचा लोखंडाचा तुकडा; कापण्याआधी त्यावर रेघ आखतात. माझ्या नावात एक जोडाक्षर आहे. त्यानेच पंधरा दिवस खाल्ले. महिन्याभराने मी पंख्याखालच्या खिडकीत जाऊन उभा राहिलो. कारकून म्हणाला, "तिकडे." मी म्हटलं, "पेन द्या."

त्यानंतर कुठल्याही कागदावर मी अंगठा दिला नाही; हळूहळू लिहायवाचायलाही शिकलो. मुलाच्या शाळेत सही केली. बायको गेली तेव्हा हॉस्पिटलच्या कागदावर सही केली. तेव्हाही जोडाक्षर नीट काढलं.

आणि अंगठा नाही म्हणजे काय? तीस वर्षं कानस चालवली, पॉलिशपेपर मारला, कूलंटच्या तेलकट पाण्यात हात घातले. रेषा लोखंडाने खाल्ल्या. मी कामचुकार असतो तर मशीनने मला पहिल्या फटक्यात ओळखलं असतं.

तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर गेला. गेटवरच्या वॉचमनने मला दुसऱ्या दिवशी दाखवला. डोक्यावर घासलेला अंगठा, माझं हसणं, सगळं त्यात. खाली लोकांनी अंगठे दिलेले. पिवळे पिवळे. नुसते अंगठेच अंगठे. "काका, फेमस झालात," वॉचमन म्हणाला. वाईट मनाने नाही म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं.

आता अडचण अशी की मशीनला अंगठा नाही मिळाला तर सोसायटीच्या मोबाइल ॲपमध्ये माणूस हजर दिसत नाही. तिथे रहिवाशांना दिसतं, कोण आलं, कोण नाही. आलेल्याच्या नावासमोर हिरवा ठिपका, न आलेल्याच्या लाल. मॅनेजर म्हणाला, "काकांच्या नावावर कुणाचा तरी अंगठा टाकू. मला काय, वर हिरवं दिसल्याशी मतलब."

शांताबाई पुढे आली. बी विंग झाडते. खडवलीहून येते. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान.

"माझा डावा रिकामाच हाय की," ती म्हणाली. "उजवा माझा, डावा भाऊंचा."

सगळे परत हसले. पण तिने मला वाचवायलाच हात पुढे केला होता.

मी नको म्हटलं नाही. हा माझा गुन्हा. काम सुटलं असतं तर कोपरला मुलाच्या घरात दिवसभर बसावं लागलं असतं. सून चांगली आहे. पण चांगल्या सुनेच्याही हातचा चहा दुपारी तीन वाजता, काही न करता प्यायचा म्हणजे घशात अडकतो. म्हणून गप्प बसलो.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी रोज पहाटे पाचला व्हॉल्व सोडायचो आणि आठ वाजता शांताबाई येऊन मला कामावर आणायची. "भाऊ, आज आठ वाजून दोन मिनिटांनी आलात हां, लवकर आलात!" ती चेष्टा करायची. मीही म्हणायचो, "आज माझी तब्येत बरी दिसत्येय तुझ्या हातात." हसत हसत माणूस कुठपर्यंत खाली जातो ते कळत नाही.

मग तिची सासू वारली. ती तीन दिवस आली नाही.

त्या तीन दिवसांत मी तिन्ही दिवस आलो. पाचला. एका विंगच्या पंपाचं पॅकिंग गेलेलं, तेही गुडघाभर पाण्यात उभं राहून बदललं. तिसऱ्या दिवशी सहाव्या मजल्यावरच्या रिटायर्ड शिक्षिका लिफ्टपाशी भेटल्या. माझ्याकडे बघून दचकल्या.

"अहो काका, तुम्ही कसे? तुम्ही तर सुट्टीवर ना?"

"नाही बाई. इथेच आहे."

त्यांनी मोबाइल उघडून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग परत मोबाइलमध्ये. "पण ह्यात लाल दाखवतंय," म्हणाल्या. माझ्या पॅन्टीतून पाणी गळत होतं, त्यांच्या चपलेपर्यंत ओघळ गेलेला. तरी त्या दोनदा बघून खात्री करत होत्या.

चौथ्या दिवशी दुपारी ऑफिसात बोलावलं. मॅनेजर खुर्चीत, सेक्रेटरी बाजूला. मला कुणी बस म्हटलं नाही.

"तीन दिवस कुठे होता?" सेक्रेटरींनी विचारलं.

"पंपावर."

त्यांनी मोबाइलवर अंगठा टेकवला. मोबाइल उघडला. शिकलेली माणसं हल्ली दिवसभर अंगठाच देतात. मोबाइलला अंगठा, बँकेला अंगठा, दाराच्या कुलपाला अंगठा. त्यांना कुणी अंगठेबहाद्दर म्हणत नाही.

"हे बघा. तीनही दिवस लाल."

"साहेब, तीन दिवस तुम्ही आंघोळ केली का?"

"काय संबंध?"

"पाणी कुणी सोडलं?"

"हे बघा काका, उलट बोलू नका. सिस्टिममध्ये नाही म्हणजे नाही."

मी मॅनेजरकडे बघितलं. डावा अंगठा त्यानेच टाकून घेतलेला. तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता. मी तोंड उघडलं असतं तर त्याचं काय व्हायचं ते झालं असतं, पण पहिली शांताबाई गेली असती. म्हणून मी तिचं नाव घेतलं नाही. त्याला ते ठाऊक होतं. म्हणूनच तो इतका निवांत.

त्याने ड्रॉवरमधून कागद काढला. टाइप केलेला. "काका, साधं आहे. न सांगता तीन दिवस गैरहजर राहिलो, चूक झाली, परत होणार नाही. एवढंच लिहिलंय. दिलंत की विषय संपला. नाही तर आपल्याला दुसरा माणूस बघावा लागेल."

मी वाचायला लागलो. मला वेळ लागतो. ओठ हलतात. 'गैरहजर' ह्या शब्दापर्यंत पोचलो तेवढ्यात त्याने माझ्यासमोर दुसरी वस्तू सरकवली.

स्टॅम्पपॅड. झाकण उघडून. जांभळी शाई.

"इथं अंगठा द्या."

मला एकदम त्या बोळाचा वास आला. वयाच्या विसाव्या वर्षीचा.

मला वाटलेलं, असा प्रसंग आला तर मी ओरडेन. ओरडलो नाही. आवाज उलट खाली गेला. पॅडचं झाकण लावलं आणि ते त्याच्याकडे परत सरकवलं.

"मला सही येते," मी म्हटलं. "पण ह्या कागदावर मी सहीही करणार नाही. मी हजर होतो."

"काका, हट्ट करू नका."

"मी हजर होतो."

सेक्रेटरी उठले. "उद्या दहापर्यंत विचार करा. नाही तर गेटवर तुमचं नाव काढायला सांगतो."

बाहेर माळी उभा. त्याने ऐकलेलं. तो मला पंपरूममध्ये घेऊन गेला, दार लोटलं. "काका, उद्या व्हॉल्वच सोडू नका. मशीन म्हणतं ना तुम्ही आला नाही? मग नाही आला! साबण लावलेले खाली पळत येतात की नाही बघा."

खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं. व्हॉल्वच्या चाकीवर हात ठेवून मी तसा बसलो थोडा वेळ. मग आई आठवली. गावात विहिरीपासून दहा पावलांवर ती घागर घेऊन उन्हात उभी राहायची, वरून कुणी पाणी वाढेल म्हणून. आपल्या हाताने काढायची सोय नव्हती. मी तिच्या लुगड्याला धरून उभा. एखादी बाई वाढायची. एखादी बघून न बघितल्यासारखी निघून जायची.

"पाणी अडवणारे वेगळे," मी माळ्याला म्हटलं. "ते काम मी करणार नाही."

"मग काय, कागद देणार?"

"तोही नाही."

संध्याकाळी शांताबाईला फोन लावला. तिला म्हटलं, "उद्यापासून डावा अंगठा तुझा तुझ्याकडेच ठेव."

"का हो भाऊ? माझं काय चुकलं?"

"तुझं नाही. माझं चुकलं."

"अन् काम?" तिने विचारलं.

"ते बघतो मी."

कोपर स्टेशनसमोरच्या स्टेशनरीवाल्याकडून जाड पुठ्ठ्याची वही घेतली. घरी पट्टी लावून रेघा मारल्या. जॉबवर मारतात तशा, सरळ.

सकाळी पाचला मी चारही व्हॉल्व सोडले. रोजच्यासारखे, पूर्ण. पाइपमध्ये पाणी चढल्याचा आवाज ऐकला. वहीत पहिल्या ओळीत तारीख टाकली, माझं पूर्ण नाव लिहिलं, पुढे 'पाच वाजता' लिहिलं आणि सही केली. त्याच्या पुढचा रकाना मोकळा ठेवला.

आठ वाजता मशीनसमोर रांग लागली. मी रांगेत उभा राहिलो नाही. रहिवाशांच्या लिफ्टने बाराव्या मजल्यावर गेलो आणि सेक्रेटरींच्या दाराची बेल दाबली.

त्यांनी दार उघडलं. गळ्यात टॉवेल, डोक्याचे केस ओले.

"साहेब, पाणी आलं?"

"आलं. का?"

मी वही उघडून समोर धरली, पेनाचं टोपण काढलं.

"मग इथं सही करा. मी आलो होतो म्हणून. अंगठा चालणार नाही."

त्यांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काका, हे काय नवीन? खाली मॅनेजरशी बोला."

दार लावून घेतलं.

मी परत बेल दाबली.